हरलेल्या लढाईचं गाणं

भोकरदन तालुक्यात असई नावाचं गाव आहे. जुई नदीच्या काठावर. गावाच्या दक्षिणेला थोड्या अंतरावरून केळना वाहते आणि पूर्वेला पुढं जाऊन या दोन्ही नद्या एकमेकींना मिळतात. मधे उरते ती जिभेसारखी निमुळती जमीन. जालन्याहून किंवा सिल्लोडकडून येणाऱ्या माणसाला इथं थांबून पाहावं असं काही आहे, असं वाटणार नाही. पण २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारपासून दिवस मावळेपर्यंत या पट्ट्यात जे घडलं, त्यानं आपल्या मुलखाचं पुढच्या दीडशे वर्षांचं नशीब ठरवलं.

पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली होता. वय चौतीस. म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं, की आयुष्यात लढाई म्हणून तुम्ही सर्वांत चांगलं काय केलंत? त्यानं वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. एकच शब्द उच्चारला, असई. ही हकीकत इंग्रजी पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते. त्या दिवशी लढलेल्या पलटणींनी असईचं नाव आपल्या निशाणांवर अभिमानानं मिरवलं. आणि आपल्याकडं? आपल्याकडं असईचं नाव भेटतं ते शाळेच्या पुस्तकातल्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या धड्यात, सन आणि तारखेसह, पाठ करण्यापुरतं.

हे असं का झालं, याचा विचार करताना मला नेहमी पोवाड्यांची आठवण येते. आपल्या लोकांनी इतिहास बखरींतून वाचला त्याहून जास्त शाहिरांच्या तोंडून ऐकला. आणि शाहिरांनी केवळ जिंकलेल्या लढायाच गायल्या असं नाही. हरलेल्याही गायल्या. पेशवाई बुडाल्याचे पोवाडे एके काळी गावोगाव गाजले. ते गाणं कसं होतं, त्यात काय सांगितलं गेलं आणि काय सांगायचं राहून गेलं, हे आज पाहायचं आहे. त्यासाठी आधी असईची लढाई थोडी समजून घ्यावी लागेल.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणं सोडून निघाले ते अखेर वसईला इंग्रजांच्या आश्रयाला. तिथं ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तहावर सही केली. इंग्रजी फौज आपल्या खर्चानं ठेवायची, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी युद्ध किंवा तह करायचा नाही, असा तो करार. मे १८०३ मध्ये वेलस्लीनं त्यांना पुन्हा पुण्याच्या गादीवर बसवलं. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. युद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला. २१ तारखेला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची बदनापूरला गाठ पडली आणि दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला मिळून हल्ला करायचं ठरलं.

पण २३ लाच वेलस्लीला कळलं की शिंदे-भोसल्यांचा तळ अगदी समोर, केळनेच्या पलीकडं आहे. स्टीव्हन्सनची वाट पाहायची तर शिकार निसटणार. वेलस्लीजवळ कवायती फौज होती साडेचार हजारांच्या आसपास. समोर शिंद्यांचं कवायती पायदळच दहा हजारांवर, तोफा शंभराच्या घरात, आणि घोडदळ किती ते मोजायला नको. वाटाड्यांनी सांगितलं, नदीला जवळ कुठं उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर अगदी समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. एवढी जवळ दोन गावं आणि मधे उतार नाही, असं कसं होईल? लोक येत-जात असणारच. त्यानं फौज तिकडं वळवली, आणि उतार होता. आपल्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्यानं हेच सांगितलं असतं, पण त्या वेळी ते त्या परक्या माणसाला सुचलं.

पुढची लढाई मात्र सोपी नव्हती. महादजी शिंद्यांनी डी बॉयनच्या हातून घडवलेलं ते कवायती पायदळ. त्या दिवशी त्याचा सेनापती हॅनोव्हरचा पोलमन. सोबत बेगम समरूच्या पलटणी. इंग्रज बाजूनं येत आहेत हे कळताच या पायदळानं सगळी फळी शिस्तीत फिरवून नवं तोंड धरलं. हे वेलस्लीला अपेक्षितच नव्हतं. असई गावाकडच्या तोफांनी इंग्रजांची ७४ वी पलटण जवळपास कापून काढली. गोलंदाज तोफेजवळच मेल्याचं सोंग करून पडले आणि शत्रूची रांग पुढं गेल्यावर उठून पाठीमागून पुन्हा तोफा डागू लागले. कर्नल मॅक्सवेल पडला. वेलस्लीच्या अंगाखाली दोन घोडी जायबंदी झाली. संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे ४२८ ठार आणि अकराशेवर जखमी, म्हणजे नदी उतरून आलेल्या कवायती फौजेतला तिसरा हिस्सा. अशी किंमत देऊन विजय मिळणार असला तरी असलं नुकसान पुन्हा पाहायची आपली इच्छा नाही, अशा आशयाचं त्यानंच नंतर लिहिलं.

तरी लढाई इंग्रजांनी जिंकली आणि ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. कारण पायदळ आणि गोलंदाज लढत असताना मराठ्यांचं ते अफाट घोडदळ बहुतेक बघत राहिलं, आणि दोघे राजे शेवटपर्यंत मैदानावर ठरले नाहीत. पायदळाच्या अंमलदारांत जे इंग्रज होते, त्यांना कंपनीनं ऑगस्टमध्येच जाहीरनामा काढून फोडायला सुरुवात केली होती. पगार परक्याच्या हातून, कवायत परक्याची, अंमलदार परका. अशी फौज मोडली की तिच्यासाठी रडणारं गावात कुणी नसतं. असईच्या गोलंदाजांची नावं कुणा शाहिराला कोण सांगणार होतं?

नोव्हेंबरात वऱ्हाडात आडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगावचा तह. त्या तहात शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा नावानिशी आला. गंगापूरही आलं. पुढच्या वर्षी वाटणी झाली तेव्हा कंपनीनं हा भाग आपला दोस्त निजाम याला देऊन टाकला. जालना जिल्ह्याच्या माणसाला यातला अर्थ वेगळा सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण ज्या राज्याची प्रजा होतो, ते आपल्या नशिबी पक्कं झालं असईच्या त्या एका संध्याकाळनंतर. पुण्याची सत्ता बुडाली १८१८ मध्ये. आपली इथली त्याआधी पंधरा वर्षं गेली होती.

आता शाहिरांकडं येऊ. असईच्या आठ वर्षं आधी, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. सगळे सरदार एका निशाणाखाली आले ते हे शेवटचंच. त्या विजयानं पुण्यातल्या फडांना जणू पूर आला. संगमनेरच्या अनंत फंदींनी खर्ड्याचा पोवाडा केला, प्रभाकरांनी केला, इतरांनीही केले. डफावर थाप पडायची, तुणतुणं लागायचं, मागचे झीलकरी सूर धरायचे, आणि कोण सरदार किती घोड्यानिशी आला याची यादीच्या यादी शाहीर एका दमात म्हणायचा. ज्याचं नाव आलं तो खूश, ज्याचं राहिलं तो नाराज. शाल, पागोटं, कडं जे मिळायचं ते त्या यादीवरच. विजयाचा पोवाडा हा काही प्रमाणात धंद्याचा भाग होता. यात शाहिरांना कमी लेखायचा माझा हेतू नाही. दरबार आहे तोवर दरबाराचं गाणं होणारच.

आणि मग एकेक करून सगळं कोसळत गेलं. त्याच वर्षी सवाई माधवरावांचा मृत्यू, १८०० मध्ये नाना फडणीसांचा, मग हडपसर, वसई, असई. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई. फेब्रुवारी १८१८ मध्ये सोलापूरकडं आष्टीला बापू गोखले पडले. जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाखांच्या नेमणुकीवर ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, जाऊन राहिले. खर्डा ते बिठूर, अवघी तेवीस वर्षं. खर्ड्याचा विजय गाणारे शाहीर हा शेवट पाहायला जिवंत होते. फंदी १८१९ मध्ये गेले, प्रभाकर १८४३ मध्ये. ज्या तोंडानं खर्डा गायला त्याच तोंडानं आता काय गायचं?

त्यांनी गायलं. प्रभाकरांनी पेशवाईचं वैभव गायलं होतं तशी तिची अखेरही गायली. आणि सगनभाऊंनी खडकीच्या लढाईवर पोवाडा रचला. सगनभाऊ जेजुरीचे, जातीनं मुसलमान, धंदा शिकलगाराचा. हत्यारांना धार लावणारा माणूस. पेशवाई गेली आणि तलवारी म्यानात गेल्या, तेव्हा त्याच्या घरच्या धंद्याचंही काय झालं असेल याची कल्पना करता येते. म्हणून पराभवाचं गाणं त्याच्या तोंडी आलं यात मला नवल वाटत नाही. आता शालजोडी देणारा कुणी नव्हता. वाड्यात पेशवे नव्हते. बक्षीस द्यायचं ते जत्रेतल्या, चावडीवरच्या, पाराखालच्या ऐकणाऱ्यानं. आणि ऐकणारा कोण? ज्याचं इनाम गेलं तो, ज्याची शिलेदारी सुटली तो, ज्याचा भाऊ खडकीहून परत आला नाही तो.

या गाण्यांची धाटणी खर्ड्याच्या पोवाड्यासारखीच आहे, फक्त उलटी फिरवलेली. तीच सरदारांची यादी, पण आता कोण पडला आणि कोण परागंदा झाला याची. तेच वैभवाचं वर्णन, पण भूतकाळात. आणि मग शेवटी दैव. ईश्वराची इच्छा फिरली, काळ फिरला, त्याला माणूस काय करणार, असा एकूण सूर. खडकीच्या दिवशी जरीपटक्याची काठी मोडली आणि तो अपशकुन ठरला, ही गोष्ट आजही सांगितली जाते. तीही याच सुरातली. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. त्यानं कुणाकडं बोट दाखवावं असं मात्र गाण्यात फारसं काही येत नाही.

आणि नायक कोण? बापू गोखले. खडकीला सेनापती, आष्टीला शेवटच्या श्वासापर्यंत लढणारा, धनी पुढं निघून गेला तरी मागं उभा राहिलेला वीर. लोकांच्या मनात बापूंची जी मूर्ती बसली ती पराभवाच्या आठवणीनं घडवलेली आहे, आणि ती खोटी नाही. बापू खरोखरच तसे पडले.

पण १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीबरोबर पेशव्यांचं घोडदळ होतं. वसईच्या तहाप्रमाणं ते द्यावंच लागलं होतं. असईच्या दिवशी केळनेच्या दक्षिण काठाकडं, इंग्रजांच्या पिछाडीला, म्हैसूरच्या घोडदळाबरोबर पेशव्यांचं हे घोडदळ उभं होतं. आणि त्या मोहिमेत या घोडदळाचे जे सरदार होते, त्यांत एक नाव आहे बापू गोखले यांचं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मनाला पटेना. मग हळूहळू हिशेब लागत गेला. १८०० मध्ये धोंडजी वाघानं बापूंचे चुलते धोंडोपंत गोखले यांना मारलं. त्या वाघाचा पाठलाग वेलस्ली करत होता, आणि बापूंना तो सूडासाठी हवा होता. दोघांची ओळख तिथली. पुढं पेशव्यांनी हुकूम केला, इंग्रजांबरोबर जा. बापू गेले. १८१७ मध्ये पेशव्यांनी हुकूम केला, इंग्रजांवर चालून जा. बापू गेले आणि मेले. दोन्ही वेळा माणूस एकच, इमानही तेच, पेशव्यांच्या गादीशी. शिंदे हे त्याच्या लेखी परके नव्हते, पण धन्याचे शत्रू होते. असईला आपण ज्याला ‘आपला’ पराभव म्हणतो, तो त्या दिवशी बापूंच्या दृष्टीनं धन्याचा विजय होता. चौदा वर्षांनी खडकीला त्याच विजयाची वसुली झाली.

हे गाण्यात कसं बसवणार? एका चौकात वीर इंग्रजांच्या बाजूनं आणि पुढच्या चौकात इंग्रजांविरुद्ध? ऐकणारे उठून जातील. शाहिराला गाणं उभं करायला एक बाजू लागते. म्हणून खडकी गायली गेली, आष्टी गायली गेली, आणि जिथं हे सगळं ठरलं ती असई गाण्याच्या मार्गातून बाजूला पडली, असं माझं मत आहे. हा शाहिराचा दोष मी मानत नाही. पण गाणं ऐकून इतिहास कळला असं समजणाऱ्यांचा मात्र आहे.

या गाण्यांवर वाद झाले नाहीत असं नाही. पेशवाई बुडाल्यावर तीस वर्षांनी, १८४८ पासून, लोकहितवादींनी शतपत्रं लिहायला सुरुवात केली, आणि योगायोग असा की ती छापून येत होती भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ नावाच्या साप्ताहिकात! लोकहितवादींनी दैवाचं गाऱ्हाणं सरळ झटकून टाकलं. राज्य गेलं ते आपल्या आळसानं, अज्ञानानं आणि भटजी-सरदारांच्या ऐदीपणानं गेलं, आणि गेलं ते ठीकच झालं, असा त्यांचा रोख. पुण्यात यावर किती संताप झाला असेल! पण हे लिहिणारा कुणाचा मुलगा होता? गोपाळ हरी देशमुखांचे वडील हे बापू गोखल्यांचे फडणीस होते. आष्टीला ज्या माणसाबरोबर पेशवाई पडली, त्याच्या दफ्तरातल्या घरातून हा आवाज आला. हरलेल्यांच्या मुलांना रडगाण्याचा कंटाळा सर्वांत आधी येतो की काय, कोण जाणे.

आणि पराभव नेमका कुणाचा, हा प्रश्न तर याहूनही खोल आहे. १ जानेवारी १८१८ ची कोरेगाव भीमाची लढाई हीसुद्धा पेशवाईच्या अखेरच्या त्याच मोहिमेतली. तिथल्या स्तंभावर कंपनीच्या पलटणीतल्या महार शिपायांची नावं कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले, आणि पुढच्या काळात आंबेडकरी शाहिरांनी त्या स्तंभाची गाणी गावोगाव नेली. पेशवाईनं ज्यांना गळ्यात मडकं बांधायला लावलं, त्यांनी तिच्या अखेरीचा शोक का करावा? सगनभाऊंचं गाणं आणि या शाहिरांचं गाणं, विषय एकाच हिवाळ्यातला. एकात अश्रू, दुसऱ्यात ताठ मान. कुठलं खरं असं विचारणारे विचारोत. मला तर दोन्ही एकाच बाडात शेजारी शेजारी लिहून ठेवावीत असं वाटतं.

आणखी एक गंमत सांगतो, जरा कडवट आहे. पेशवाईच्या अखेरीचे पोवाडे आज आपल्याला छापील रूपात मिळतात, त्याचं बरंचसं श्रेय एका इंग्रजाला आहे. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ. मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याचं कुष्ठरोग्यांचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय ज्याच्या नावानं आहे तोच. त्यानं शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर गोंधळी-शाहिरांकडून पोवाडे गोळा केले आणि १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हे पुस्तक काढलं. १८९४ मध्ये त्यातल्या काहींचे इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये छापून आले. मनापासून केलेलं काम आहे, त्याचे उपकारच मानले पाहिजेत. पण पुढच्याच पिढीत तरुण सावरकरांनी सिंहगडाचा पोवाडा लिहिला, तानाजीचा, म्हणजे विजयाचा, तेव्हा याच सरकारनं त्यावर बंदी घातली. हरलेल्यानं रडावं, त्याला आमची काही हरकत नाही. पण त्यानं जिंकल्याची आठवण काढू नये. राज्यकर्त्यांना कोणत्या गाण्याची भीती वाटते हे यावरून समजतं.

१९१८ मध्ये पेशवाई बुडाल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा न. चिं. केळकरांनी ‘मराठे व इंग्रज’ हे पुस्तक लिहून राज्य का गेलं याची चर्चा केली. दहा वर्षांनी त्यांच्याच मुलानं, य. न. केळकरांनी, ‘ऐतिहासिक पोवाडे’ संपादून काढले. बापानं कारणं शोधली, मुलानं गाणी. एकाच घरात दोन्ही झाली ही चांगली गोष्ट.

पण समजा, हरलेला राजा अजून गादीवरच बसलेला आहे, आणि शाहिरानं तेव्हाच पराभवाचं गाणं म्हटलं तर? प्रभाकर आणि सगनभाऊ यांच्यावर ही वेळ आली नाही. त्यांचा धनी बिठूरला होता. ती वेळ आली कैरोतल्या एका आंधळ्या गवयावर.

जून १९६७ मध्ये इस्रायलनं सहा दिवसांत इजिप्त, सीरिया आणि जॉर्डन यांचा पराभव केला. इजिप्तचं विमानदळ जमिनीवरच जळालं. नासेरांच्या सरकारनं या पराभवाला नुसता ‘धक्का’ म्हणायचं ठरवलं. त्याच वेळी कैरोच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत शेख इमाम नावाचा लहानपणीच दृष्टी गेलेला गायक ऊद घेऊन बसत असे. १९१८ चा जन्म, कुराणपठणाच्या परंपरेत वाढलेला. त्याचा सोबती कवी अहमद फौद नेग्म. या जोडीनं पराभवावर एक गाणं केलं. त्यात दैव नाही, अश्रू नाहीत. देवाचे आभार मानायचं सोंग करून सुरुवात होते, आणि मग आघाडीवरून परत येणाऱ्या अधिकाऱ्यांचं, त्यांच्या ऐटीचं, देशाला बसलेल्या थपडेचं असं काही वाभाडं निघतं की ऐकणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो. रस्त्यावरची बोली, सगळ्यांना समजणारी. कुणीतरी टेप केलं, त्याच्यावरून दुसऱ्यानं, आणि गाणं घराघरांत गेलं. सरकारनं आधी या जोडीला रेडिओवर जागा देऊन गोंजारून पाहिलं. ते जमेना तेव्हा १९६९ मध्ये दोघांनाही तुरुंगात टाकलं. सप्टेंबर १९७० मध्ये नासेर वारले, त्यानंतर १९७१ मध्ये ते सुटले. शेख इमाम १९९५ मध्ये गेला, नेग्म २०१३ मध्ये. मधल्या काळात पुन्हा पुन्हा आत-बाहेर चाललंच.

कैरोच्या गाण्यानं दोष कुणाचा ते सांगितलं आणि त्याची किंमत मोजली. आपल्या पोवाड्यानं दोष दैवावर टाकला, आणि म्हणूनच कदाचित तो सर्वांना गाता आला. ब्राह्मणाला, मराठ्याला, शिकलगाराला. ज्याचं घर नुकतंच पडलंय त्याला भिंत कुणी कच्ची बांधली हे पहिल्याच दिवशी सांगू नये, इतकं शहाणपण सगनभाऊंना असणार. पहिल्याच दिवशी. पण दोनशे वर्षांनंतरही तेच गाणं म्हणत राहणं वेगळं.

असईला एकदा तरी जाऊन यावं. दसऱ्याच्या आधी जावं, म्हणजे ऋतूही साधारण तोच मिळेल आणि केळनेला पाणी असेल. पिंपळगाव आणि वरूड यांच्या मधल्या काठावर उभं राहिलं की उत्तरेला शिंद्यांच्या तोफांची बाजू येते आणि पाठीमागं, दक्षिणेला, पेशव्यांचं घोडदळ जिथं थांबलं होतं ती जमीन. मधे नदी. उतारातून तेव्हाही बैलगाड्या जात असणार. त्याशिवाय का समोरासमोर दोन गावं वसली?